धावत्या गाडीची धावती बेरीज

सकाळी आठच्या सुमारास कळवा स्थानकाच्या फलाटावर उभे राहून मुंबईकडे जाणारी धीमी लोकल तुम्ही कधी पाहिली आहे काय? गाडी येते ती भरलेलीच येते. फलाटावर माणसे तशी बेताचीच असतात. डोंबिवलीच्या फलाटाशी तुलना केली तर ती फारच थोडी. तरीही कळवेकरांना दारात पाय ठेवायला जागा मिळत नाही. मग मनात प्रश्न येतो, गर्दी डोंबिवलीला जास्त की कळव्याला?

प्रश्न सोपा दिसतो, पण त्याची उत्तरे दोन आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. फलाटावरची गर्दी डोंबिवलीला जास्त, गाडीतली गर्दी कळव्याला जास्त! पहिली गर्दी कळण्यासाठी नुसती मोजणी पुरते. दुसरी कळण्यासाठी बेरीज करावी लागते, आणि तीही नेहमीची नव्हे. प्रत्येक स्थानकावर थांबून ‘आतापर्यंत किती?’ असे विचारणारी ही बेरीज आहे. तिला आपण धावती बेरीज म्हणू. शाळेच्या सांख्यिकीत ‘संचित वारंवारता’ नावाचा जो स्तंभ तुम्ही भरता, तो याच कुळातला.

खरे म्हणजे तुमच्या घरात ही बेरीज रोज वावरत असते. बँकेचे पासबुक उघडून पाहा. एका स्तंभात जमा, दुसऱ्यात खर्च आणि शेवटच्या स्तंभात शिल्लक. शिल्लक म्हणजे पहिल्या दिवसापासून आजपर्यंतच्या सगळ्या जमाखर्चाची धावती बेरीज. आई बाजारात जाताना जमेचा स्तंभ पाहत नाही, शिल्लक पाहते. कारण आज काय परिस्थिती आहे ते शिल्लक सांगते.

गाडीचे पासबुक

आता लोकल गाडीचे पासबुक लिहू या. चढणारे ते जमा, उतरणारे ते खर्च आणि डब्यांत उरलेले ती शिल्लक. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष मोजणीचे नाहीत. कल्याणहून निघालेली धीमी लोकल ठाण्यापर्यंत आली असे समजा.

| स्थानक | चढले | उतरले | फरक | गाडीत एकूण |
|---|---|---|---|---|
| कल्याण | १४०० | ० | १४०० | १४०० |
| ठाकुर्ली | ३०० | २० | २८० | १६८० |
| डोंबिवली | १३०० | ८० | १२२० | २९०० |
| कोपर | २५० | ५० | २०० | ३१०० |
| दिवा | ७०० | १५० | ५५० | ३६५० |
| मुंब्रा | ४०० | १०० | ३०० | ३९५० |
| कळवा | ३५० | ५० | ३०० | ४२५० |
| ठाणे | ९०० | ११०० | उणे २०० | ४०५० |

शेवटचा स्तंभ कसा भरला ते नीट पाहा. वरच्या ओळीतील शिल्लक घ्यायची, तिच्यात या ओळीतील फरक मिळवायचा, झाले. ठाकुर्लीला १४०० अधिक २८०, म्हणजे १६८०. डोंबिवलीला १६८० अधिक १२२०, म्हणजे २९००. ठाण्याला फरक उणे आहे, म्हणून शिल्लक कमी झाली.

आता ‘चढले’ हा स्तंभ आणि शेवटचा स्तंभ शेजारी शेजारी ठेवून वाचा. चढणाऱ्यांचे आकडे पाहिले तर कळवा अगदी किरकोळ वाटते, अवघे ३५०. पण गाडी सर्वांत जास्त भरलेली असते ती कळवा आणि ठाणे यांच्या दरम्यान. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसण्याच्या जागा सुमारे अकराशे ते बाराशे. आपल्या उदाहरणात त्या कल्याणलाच संपल्या. पुढच्या प्रत्येक स्थानकावर चढणारा उभा राहतो आणि मुंब्रा-कळव्याला चढणारा दारात लोंबकळतो.

हा नुसता अंकांचा खेळ नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. या मार्गावरून रोज जाणाऱ्या माणसांच्या दृष्टीने शिल्लक हा सर्वांत महत्त्वाचा स्तंभ आहे. गाडी कोठून सोडावी, कोठे जादा फेरी द्यावी, हे ठरवताना कोणी केवळ चढणाऱ्यांचा स्तंभ पाहिला, तर डोंबिवलीहून गाडी सोडून तो समाधान मानील. दिवा, मुंब्रा, कळवा येथील हाल त्याला दिसणारच नाहीत. दिव्याहून मुंबईसाठी लोकल सुटावी ही मागणी वर्षानुवर्षे ऐकू येते, तिचे गणितही हेच आहे. एखाद्या स्थानकावरून रिकामी गाडी सुटते तेव्हा त्या गाडीची धावती बेरीज तेथे शून्यापासून सुरू होते!

उलट दिशेने

धावत्या बेरजेचा एक मोठा गुण असा की ती उलटीही करता येते. शेजारच्या दोन शिलकींची वजाबाकी केली की मधला फरक परत मिळतो. एवढेच नव्हे, कोणत्याही दोन ओळींमधली एकूण भर एका वजाबाकीत कळते. कोपर सुटल्यापासून कळवा सुटेपर्यंत गाडीत किती माणसे वाढली? ४२५० वजा ३१००, म्हणजे ११५०. दिव्याचे ५५०, मुंब्र्याचे ३०० आणि कळव्याचे ३०० मिळवून पाहा, उत्तर तेच येते.

रेल्वेने ही युक्ती लोहमार्गाच्या बाजूलाच मांडून ठेवली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. अंतर होते सुमारे ३४ किलोमीटर. १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे सुमारे ३४, डोंबिवली सुमारे ४८ आणि कल्याण सुमारे ५४ किलोमीटरवर आहे. हे आकडे म्हणजे अंतरांची धावती बेरीजच. डोंबिवली ते कल्याण किती? ५४ वजा ४८, म्हणजे ६. ठाणे ते डोंबिवली किती? ४८ वजा ३४, म्हणजे १४. प्रत्येक दोन स्थानकांच्या जोडीसाठी वेगळा आकडा पाठ करण्याचे कारण उरत नाही.

विजेच्या तारा धरणाऱ्या खांबांवरही किलोमीटरचा आकडा आणि त्याखाली त्या किलोमीटरातील खांबाचा अनुक्रम लिहिलेला असतो. कोठे बिघाड झाला तर अमुक किलोमीटरचा अमुक खांब एवढे सांगितले की दुरुस्तीची माणसे नेमक्या जागी पोहोचतात. खिडकीजवळ बसायला मिळाले तर हे आकडे वाचण्याचा प्रयत्न करा, मात्र डोके आणि हात आतच ठेवा.

पहिली अट : क्रम

धावत्या बेरजेच्या तीन अटी आहेत. त्या मोडल्या तर उत्तर चुकते, आणि वाईट असे की ते चुकलेले दिसतही नाही.

पहिली अट क्रमाची. साध्या बेरजेला क्रम लागत नाही. २ अधिक ५ काय किंवा ५ अधिक २ काय, सारखेच. म्हणून आपण क्रमाकडे दुर्लक्ष करतो. आता समजा, आपला तक्ता कोणी टापटीप म्हणून स्थानकांच्या नावांप्रमाणे अकारविल्हे लावला. कल्याण, कळवा, कोपर, ठाकुर्ली, ठाणे, डोंबिवली, दिवा, मुंब्रा असा क्रम झाला. फरकांचा स्तंभ तोच ठेवून शिल्लक काढू या. कल्याण १४००, कळवा १७००, कोपर १९००, ठाकुर्ली २१८०, ठाणे १९८०, डोंबिवली ३२००, दिवा ३७५०, मुंब्रा ४०५०.

गंमत पाहा. शेवटचा आकडा ४०५० हाच आला, अगदी बरोबर! पडताळणी करणारा फक्त शेवटची ओळ पाहील आणि खूण करून मोकळा होईल. पण पहिली ओळ सोडली तर मधला एकही आकडा खरा नाही. कळव्याला गाडीत ४२५० ऐवजी १७०० माणसे दिसतात, म्हणजे कळवेकरांची तक्रारच खोटी ठरली! म्हणून लक्षात ठेवा, धावत्या बेरजेचा शेवटचा आकडा बरोबर आला एवढ्याने ती बेरीज बरोबर ठरत नाही.

मग क्रम कशाने लावायचा? गाडीसाठी वेळेने किंवा अंतराने. मघाचे किलोमीटर येथे उपयोगी पडतात. ५४ वरून ३४ कडे उतरत्या क्रमाने ओळी लावल्या की गाडी ज्या वाटेने येते तीच वाट तक्त्यात उतरते.

दुसरी अट : आरंभ

दुसरी अट आरंभाची. पहिल्या ओळीच्या आधी किती होते, हे माहीत हवे. आपण कल्याणला शून्य धरले. पण डोंबिवलीकरांना विचारा. बसायला जागा मिळावी म्हणून कित्येक जण कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत आधीच बसतात आणि तीच गाडी परत मुंबईकडे फिरली की जागा धरूनच निघतात. अशी ४०० माणसे कल्याणला गाडीत आधीच बसलेली असतील तर आपला आरंभ शून्य नाही, ४०० आहे. मग कल्याणला १८००, कळव्याला ४६५०, ठाण्याला ४४५० असे सगळेच आकडे ४०० ने वाढतात. फलाटावर उभे राहून चढणारे आणि उतरणारे कितीही काळजीपूर्वक मोजले, तरी ही चूक सापडणार नाही. ती पहिल्या ओळीच्या वरच्या, कागदावर नसलेल्या ओळीत लपलेली असते. जुने हिशेबनीस वहीच्या प्रत्येक पानावर प्रथम मागील पानावरची शिल्लक मांडत, ते याचसाठी.

तिसरी अट : गट

तिसरी अट गटाची. एका गाडीऐवजी दिवसभरातील सगळ्या गाड्यांचा तक्ता एकाखाली एक लिहिला असे समजा. पहिल्या गाडीची शेवटची शिल्लक ४०५०. दुसरी गाडी कल्याणहून १२०० माणसे घेऊन निघाली. आपण डोळे मिटून वरचा आकडा घेत गेलो तर दुसऱ्या गाडीत कल्याणलाच ५२५० माणसे दिसतील! गाडी बदलली की बेरीज पुन्हा त्या गाडीच्या आरंभापासून सुरू व्हायला हवी.

अंतराच्या बाबतीतही हेच. कल्याणनंतर लोहमार्गाला दोन फाटे फुटतात, एक कर्जतकडे आणि दुसरा कसाऱ्याकडे. दोन्ही फाट्यांवर किलोमीटर मुंबईपासूनच मोजतात. कर्जतच्या वाटेवर अंबरनाथ सुमारे ६० वर, तर कसाऱ्याच्या वाटेवर टिटवाळा सुमारे ६४ वर. म्हणून या दोघांत रेल्वेने ४ किलोमीटर अंतर आहे असे म्हणाल काय? अंबरनाथहून टिटवाळ्याला रेल्वेने जायचे तर ६ किलोमीटर मागे कल्याणला यावे लागते आणि तेथून १० किलोमीटर पुढे जावे लागते, एकूण १६. वजाबाकी करायची ती एकाच गटातील दोन आकड्यांची.

पावसाची नोंदही अशीच गटागटाने होते. हवामान खाते सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजते आणि मोसमी पावसाची बेरीज दर वर्षी १ जूनपासून नव्याने सुरू करते. गेल्या वर्षीचा पाऊस यंदाच्या बेरजेत येत नाही. येथेही केवळ शेवटचा आकडा फसवतो. २६ जुलै २००५ या दिवसाच्या नोंदीत मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूरचा परिसर जलमय झाला. तेवढाच पाऊस महिनाभर रिमझिमत पडला असता तर महिन्याची बेरीज तीच आली असती, पूर मात्र आला नसता. धावत्या बेरजेचा आलेख काढला की हा भेद डोळ्यांना दिसतो. रिमझिम पावसात आलेख चढणीच्या रस्त्यासारखा हळूहळू वर जातो, अतिवृष्टीत तो भिंतीसारखा उभा राहतो.

संगणक कसा करतो?

आठ ओळींची बेरीज आपण पाटीवर करू. पण वर्षभराच्या हजारो ओळी असतील तर संगणकच हवा. संगणकाला हे काम दोन रीतींनी सांगता येते.

पहिली रीत अशी : प्रत्येक ओळीसाठी पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंतचे सगळे आकडे मिळव. दुसरी रीत अशी : वरच्या ओळीची शिल्लक घे आणि तिच्यात या ओळीचा फरक मिळव. उत्तर एकच. पण कष्ट किती ते मोजा. पहिल्या रीतीत पहिल्या ओळीसाठी १ आकडा वाचावा लागतो, दुसऱ्या ओळीसाठी २, तिसऱ्या ओळीसाठी ३ आणि आठव्या ओळीसाठी ८. एकूण ३६. दुसऱ्या रीतीत फक्त ८ फरक.

फरक लहान वाटतो ना? मग ओळी २०,००० करा. १ पासून २०,००० पर्यंतच्या संख्यांची बेरीज म्हणजे २०,००० गुणिले २०,००१ भागिले २. हे उत्तर येते २०,००,१०,०००, म्हणजे वीस कोटींहून अधिक! दुसऱ्या रीतीत काम अवघ्या वीस हजारांत भागते. ओळी दुप्पट झाल्या की दुसऱ्या रीतीचे काम दुप्पट होते, पहिल्या रीतीचे सुमारे चौपट. मोठ्या तक्त्यावर संगणक रेंगाळतो तेव्हा दोष यंत्राचा नसून सांगण्याच्या रीतीचा असू शकतो.

एक्सेलसोबत पॉवर क्वेरी नावाचे एक साधन मिळते. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माहिती साफ करणे, तिचे रूप बदलणे आणि हवा तसा तक्ता तयार करणे हे त्याचे काम. त्यात एका ओळीला आपल्या वरच्या ओळीत काय आहे हे आपोआप कळत नाही. म्हणून आधी ओळी योग्य क्रमाने लावायच्या, मग अनुक्रमांकाचा एक स्तंभ जोडायचा आणि त्यानंतर बेरीज सांगायची. ‘पहिल्या इतक्या ओळींची बेरीज कर’ असे सांगितले की ती वीस कोटींची रीत झाली. ‘मागील उत्तर हातात ठेवून पुढे चल’ असे सांगितले की वीस हजारांची. साधन कोणतेही असो, त्याला क्रम कोणता, आरंभ किती आणि गट कोणते, हे तीन प्रश्न आपणच सोडवून द्यावे लागतात.

दुसऱ्या रीतीची एक दुबळी बाजूही सांगायला हवी. येथे प्रत्येक ओळ वरच्या ओळीचा हात धरून उभी असते. समजा, डोंबिवलीला चढलेले १३०० लिहिताना एक शून्य गळले आणि १३० झाले. चूक एकाच ओळीत, पण डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत प्रत्येक शिल्लक ११७० ने कमी. ठाण्याला ४०५० ऐवजी २८८० येतील. शिलकीत फट दिसली तर शेवटून नव्हे, जेथे ती पहिल्यांदा दिसते त्या ओळीपासून शोध घ्यावा. तेथील एक आकडा सुधारला की खालच्या सगळ्या ओळी आपोआप सुधारतात.

करून पाहा

तुम्ही ज्या बसने किंवा रिक्षाने शाळेत येता तिचे पासबुक तयार करा. प्रत्येक थांब्यावर किती चढले आणि किती उतरले ते लिहा. चालक-वाहकांना आरंभात धरायचे की नाही हे आधी ठरवा. मग शिल्लक काढा आणि शेवटी गाडीतील माणसे प्रत्यक्ष मोजून ताळा पाहा. ताळा जुळला नाही तर तीन अटी एकेक करून तपासा. त्याच नोंदी दोघा मित्रांनी वेगवेगळ्या क्रमाने लावून बेरीज केली तर काय होते, तेही पाहा. शिक्षकांना हा प्रयोग संचित वारंवारतेच्या पाठाआधी वर्गात घेता येईल.

आणि पुढच्या वेळी गर्दीच्या लोकलच्या दारात एखादा कळवेकर चढण्यासाठी धडपडताना दिसला, तर ‘यांच्या स्थानकावर गर्दी ती केवढीशी!’ असे म्हणू नका. त्याच्या वाट्याला आलेली गर्दी त्याच्या स्थानकाची नसते. कल्याणपासूनच्या प्रत्येक स्थानकाची ती धावती बेरीज असते. जमल्यास थोडे आत सरका, त्याला दारातून आत येऊ द्या.